दुपारी मोडणारा मेलबॉक्स

"बोलत नाही, म्हणजे काम येत असावं," काका आतल्या खोलीत म्हणाले.

"अहो, हळू. ऐकू जाईल तिला."

"जाऊ दे. ऐकू गेलं तरी बोलणार आहे का ती?"

मी टेबलाखाली वाकून सर्व्हरच्या मागच्या वायरी बघत होते, त्यामुळे मला निवांत हसता आलं.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर या दोघांचं ऑफिस आहे. तिथून मुलांचं एक मासिक निघतं. संपादन काकूंचं, कागद, छपाई, कुलपं आणि पंखे काकांकडे. राहायला ते बरोबर वरच्या मजल्यावर. मी ज्या छोट्या कंपनीत आहे, ती अशा ऑफिसांचे ईमेल सांभाळते. बिघडलेले मेलबॉक्स दुरुस्त करणं हे माझं काम. मला ते आवडतं, कारण त्यात माणसांशी फारसं बोलावं लागत नाही.

दोन दिवसांपूर्वी मी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा काय बिघडलंय ते काकूंना सांगायचा प्रयत्न केला होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठीच बोलतो आम्ही, पण कामाचं काही सांगायला गेले की माझं वाक्य अर्ध्यात अडतं. "म्हणजे मेल आहेत आत, पण त्यांचा तो... इंडेक्स..."

काकूंनीच ते पुरं केलं. "पानं आहेत, पण शिवण उसवलीय आणि पृष्ठांक पुसलेत. असंच ना?"

अगदी तसंच होतं. मी नुसती मान हलवली.

काकूंचा एक नियम आहे. मुलाचं लिखाण छापलं जावो न जावो, त्याला उत्तर जातंच, आणि ते काकू स्वतः लिहितात. आलेला मेल आधी 'उत्तर बाकी' या फोल्डरमध्ये पडतो, उत्तर गेलं की दुसऱ्या फोल्डरमध्ये. दिवाळी अंकासाठी मुलांनी कविता, कोडी, मांजरांची चित्रं असं बरंच पाठवलं होतं. माझ्या पहिल्या दुरुस्तीत सगळे मेल परत मिळाले, पण फोल्डर गेले ते गेलेच. आलेले, पाठवलेले, सगळे एका ढिगात पडले होते. कोणाला उत्तर गेलंय आणि कोण वाट बघतंय, काही कळायला मार्ग नव्हता.

"असू दे," काकू म्हणाल्या होत्या. "मला आठवतं." आणि दिवेलागणीपर्यंत बसून त्यांनी एकेक मेल उघडून, आठवून आठवून सगळे पुन्हा लावले होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारनंतर त्यांचा फोन आला. मेलबॉक्स पुन्हा उसवला होता. आवाज शांत होता त्यांचा. "पुन्हा लावीन मी. पण दर वेळी थोडं कमी आठवतं गं."

म्हणून मी आज सकाळीच येऊन टेबलाखाली शिरले होते. तिथे मला दिसलं की वीज गेल्यावर सर्व्हरला धरून ठेवणारी यूपीएसची पेटी मागून उघडी आहे, आणि तिची बॅटरी शेजारी वर्तमानपत्रावर ठेवलीय. नीट, धूळ पुसून.

"ती ना? ती मी काढली," काका दारातून म्हणाले. आवाजात अभिमान होता. "ऑफिस एक ते चार बंद. वायरिंग जुनं, आम्ही वर झोपलेले. म्हणून मी एकला मेन स्विचच बंद करतो. तर ही बया खाली पीं पीं करत बसायची. थेट आमच्या उशीखाली! उन्हाळ्यात काढून टाकली. तेव्हापासून झोप कशी, एकदम शांत."

मी पेटीतल्या मोकळ्या जागेत टॉर्च मारून पाहिला.

"आमची ही घाबरत होती, मेल चुकतील म्हणून. एक चुकला नाही. चारला मेन लावला की सगळे ओळीने येतात. शिस्त लावली की मेलसुद्धा ऐकतात."

यातलं बरंचसं खरं होतं. दार बंद दिसलं की मेल थांबतात, पाठवणारा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत राहतो. पण ती पेटी नुसती ओरडत नव्हती. बॅटरी संपत आली की ती सर्व्हरला नीट आवरून बंद व्हायला सांगायची. बॅटरी काढल्यापासून रोज दुपारी, लिहिता लिहिता कोणीतरी हातातलं पेन काढून घ्यावं, तसं त्याचं होत होतं. इतके महिने त्याने ते कसंबसं निभावलं, दिवाळीच्या मेलांच्या गर्दीत मात्र शिवण उसवली.

हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू? तिच्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं जात असणार. वय झालंय. पण तिला तसं म्हणू नकोस हं. मशीन जुनं झालंय म्हण. तेवढं बोलता येईल ना तुला?"

मी पुन्हा मान हलवली. ते काहीतरी आणायला बाहेर गेले आणि काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता त्यांनी दाराकडे पाहिलं. "खरं सांग, माझ्याच हातून होतंय ना हे? यांना कळू देऊ नकोस बाई. लगेच म्हणतील, तुला झेपत नाही, बंद कर ती उत्तरं. तसं नसेल ना जमत, तर करीनही बंद. सगळ्यांना उत्तर जाणार नसेल, तर कोणालाच नको."

मी चहा प्यायले. काय करू म्हणून कंपनीतल्या सरांना मेसेज केला. उत्तर आलं, 'सांगून टाक.' सरांना काय जातंय.

काम मात्र सुरू केलं. या वेळी काकूंनी लावलेले फोल्डर पुरते पुसले गेले नव्हते, सावकाश गेलं तर जसेच्या तसे मिळण्याजोगे होते. नियमाप्रमाणे आधी सगळ्याची प्रत काढायला घेतली. जुनी डिस्क अडखळत, दम खात वाचत होती. मध्येच वीज गेली तर ती पुन्हा सुरू होईल, याची मला खात्री नव्हती.

प्रत नीट निघतेय ना हे बघायला मी मधूनच एखादा मेल उघडायचे. एका मुलीने विचारलं होतं, माझी मांजर आरशात बघते पण लाजत नाही, असं का? काकूंचं उत्तर होतं, 'तिला अजून कोणी सुंदर म्हटलेलं नसेल. आज म्हणून बघ आणि मला कळव.' मी लहानपणी कुठल्याच मासिकाला काही पाठवलं नव्हतं. मराठीत लिहिलं तर चुका निघतील, असं वाटायचं. मी तो मेल दोनदा वाचला. खाली मुलीने कळवलंही होतं. मांजर लाजली नव्हती, पण उठून गेली होती.

प्रत अजून निम्मीही झाली नव्हती, तेव्हा काकू जिन्यात येऊन म्हणाल्या, "पानं घेतलीत. हिलाही घेऊन या."

काकांनी खिडकी लावली. पंखा बंद केला, मग दिवा. मग दाराशेजारच्या मेन स्विचपाशी गेले.

"चला. आमटी-भात आहे. आपण जेवतो, मशीनही जरा पडेल."

त्यांचा हात वर गेला. काकू दारात उभ्या होत्या. जे बोलायचं ते दोघांच्याही समोर बोलावं लागणार होतं, आणि मराठीत.

"काका, थांबा!"

माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या क्लासमधला फळ्यावरचा खडू क्षणभर थांबल्यासारखा वाटला. काकांचा हात तसाच वर राहिला.

"अरे, आवाज आहे की हिला," ते म्हणाले. "काय झालं?"

मी वर्तमानपत्रावरची बॅटरी उचलून त्यांच्या हातात दिली. ती चांगलीच जड होती, त्यामुळे त्यांना स्विच सोडून दोन्ही हातांनी ती धरावी लागली. मग मी काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले,

"काकूंनी काहीच चुकीचं दाबलेलं नाही, काका. मशीनचंही काही चुकलेलं नाही. त्याला फक्त दुपारी झोपायची सवय नाही."