अण्णांनाच वाचता येणारी अनुक्रमणिका

संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांचा चिवडा झालेला असे आणि अण्णा तो खडाखडा मराठीत वाचून दाखवत. पनवेलमध्ये त्यांनी वीसेक वर्षं डीटीपी केलं; लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंत. जुना मराठी फॉन्ट, जो लावला नाही तर मजकुराचा असा चिवडा दिसतो, त्यांच्यात इतका मुरला होता की कोणत्या खुणेमागे कोणतं अक्षर आहे, ते त्यांना दिसतच असे. इतरांना दिसत नाही, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

दुकान बंद केल्यावर ते आमच्या वाचनालयात जुने कागद स्कॅन करायला येऊ लागले. मी तिथली ग्रंथपाल. प्रत्येक पीडीएफला ते बुकमार्क, म्हणजे कोणत्या पानावर काय आहे याची अनुक्रमणिका, घालत. कुणी फाइल उघडून थेट पानं सरकवू लागलं की मागून आवाज येई, "आधी डावीकडे बघा. जेवायला बसताना ताट बघता की नाही?"

डावीकडे बुकमार्कची यादी, आणि यादीत तोच चिवडा. त्या पट्टीत आपला फॉन्ट लावता येत नाही, हे मी त्यांना दहादा तरी सांगितलं असेल.

"अण्णा, युनिकोडमध्ये टाइप करा ना, ते कुठेही मराठीच दिसतं."

"त्यात जोडाक्षर मनासारखं बसत नाही, बाई."

"पण लोकांना वाचता येत नाही."

"मी आहे ना इथे."

यावर मी दिवसभर धुमसायचे.

दोन हजार बाराच्या दिवाळीनंतर अण्णा आठवडाभराच्या तापाने गेले. त्यांचे दिवसही पुरते झाले नव्हते, तेव्हा उरणकडच्या पार्वतीबाई आल्या.

"अण्णा कुठं हायत?"

"आज नाहीत," मी घाईत म्हणाले.

खाडीत भराव पडला तेव्हा मच्छीमारांच्या जबान्या घेतल्या होत्या. त्या हाताने लिहिलेल्या हजारभर पानांची फाइल अण्णांनी केली होती.

"माज्या बापाची जबानी हाय त्यात. आज चारपर्यंत कचेरीत दिली नाय, तर भरपाईच्या यादीत आमचं नाव लागायचं नाय."

हस्ताक्षराच्या स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नाही. तासभर पानं सरकवली, शंभरही झाली नाहीत. गेलेल्या माणसावर इतकं चिडू नये, हे कळत होतं; तरी मी मनातल्या मनात अण्णांना वाटेल ते बोलले.

मग सुचलं. बुकमार्कची यादी वेगळ्या मजकुराच्या फाइलमध्ये काढता येते. तशी काढली, वर्डमध्ये चिकटवली आणि त्यांच्याच संगणकावर उरलेला तो जुना फॉन्ट सगळ्याला लावला. चिवड्याचं मराठी झालं. गाव, नाव, पान. काही नावांखाली अण्णांचा शेराही होता; पार्वतीबाईंच्या वडिलांच्या नावाखालीही.

"धाकू नाखवा, पान ६१२. सही नाही, अंगठा. मुलगी न्यायला येईल, तिला थांबवून ठेवू नये."

पान छापून मी पार्वतीबाईंच्या हाती दिलं. त्यांनी कागदावरच्या ठशावर आपला अंगठा टेकवला, तसाच थोडा वेळ ठेवला. मग कागद पिशवीत घालून निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "अण्णांना सांगा, बाप गावला म्हनून."

"सांगते," मी म्हणाले.