फार स्वच्छ उमटलेला शिक्का

इराणातल्या काशानात सगळेच बूट झटकून घालतात, कारण आत विंचू असू शकतो. ओस्ता सैफुल्ला बूट झटकायचे, मग आत काडी फिरवायचे, मग दुसऱ्या बुटाला लागायचे आणि ते झालं की पुन्हा पहिल्याकडे यायचे; आपलं लक्ष दुसऱ्यात गुंतलं असताना विंचू पहिल्यात शिरला असेल तर? त्यामुळे घरातून निघायला त्यांना वेळ लागे. त्यांच्या बायकोने, तूबाखानमने, तेवढ्या वेळात डाळ निवडून घ्यायची सवयच लावून घेतली होती.

तांबटांच्या गल्लीत त्यांचं किल्ल्यांचं आणि रबरी शिक्क्यांचं दुकान होतं, म्हणून गल्ली त्यांना ओस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणे. गावातल्या निम्म्या घरांची कुलपं त्यांच्या हाताने उघडलेली, तेव्हा कुलपांवर त्यांचा विश्वास नव्हता. निम्म्या कचेऱ्यांचे शिक्के त्यांच्या हाताने कोरलेले, तेव्हा कागदांवर तर मुळीच नव्हता. यंदाच्या वसंतात सरहद्दीपलीकडून क्षेपणास्त्रं आली, इकडूनही गेली, आणि तेव्हापासून काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी फोन, त्यातून कुणी ऐकू नये म्हणून, तांदळाच्या डब्यात ठेवत. तूबाखानमचे निम्मे फोन त्या डब्यातच वाजून थांबत.

मत त्यांनी आयुष्यात एकदाच दिलं होतं, पंचवीसेक वर्षांपूर्वी, सुधारणा आणतो म्हणणाऱ्या एकाला. तो निवडून आला म्हणून अख्ख्या गल्लीत गुलाबपाण्याची मिठाई वाटली. पुढे सुधारणा काही गल्लीपर्यंत पोचली नाही. तेव्हापासून त्यांच्या जन्मवहीत, म्हणजे नाव, लग्न, मुलंबाळं लिहितात आणि मागच्या पानांवर दर निवडणुकीचा शिक्का मारतात त्या वहीत, तो एकच शिक्का होता. बाकी पानं कोरी. ती वही लोखंडी पेटीत, पेटीला स्वतः बनवलेलं कुलूप, आणि कुलपाच्या भोकात एक बारीक काळा दोरा. कुणी हात लावला तर कळावं म्हणून.

यंदा मात्र घरात वेगळीच पंचाईत झाली होती. त्यांची लेक राझिये शिक्षिकेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली होती. आता रविवारी निवड समितीपुढे मुलाखत, आणि सगळी गल्ली सांगत होती की समिती बापाचीही जन्मवही मागते आणि मागची पानं मोजते. खरं की खोटं, कुणालाच ठाऊक नव्हतं. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कुणालाच निम्मी मतं पडली नव्हती. आता शुक्रवारी दोघांतच पुन्हा लढत होती; एक सुधारणा करू म्हणणारा, दुसरा सुधारण्यासारखं काही उरलेलंच नाही म्हणणारा.

"अहो, एक शिक्का घेऊन या," तूबाखानम म्हणाली. "तुमची चिठ्ठी मतपेटीत पडली तर सरकार कोसळणार आहे का?"

"पेटीत पडेल. पण तीच चिठ्ठी बाहेर निघेल कशावरून?"

बुधवारी दुकानात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. त्याने दोनदा मागे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ओस्ता, निवडणुकीचा शिक्का करून मिळेल का? नमुना आणलाय."

ओस्तांची नजर बुटांवरून हलेना. या गल्लीत बिनधुळीचे बूट दोघांचेच असतात, नवरदेवाचे आणि खबऱ्याचे. नवरदेव व्हायचं या माणसाचं वय नव्हतं.

"आगा, मी फक्त किल्ल्या करतो," ते म्हणाले.

"पाटीवर शिक्के लिहिलंय."

"पाटी आधीच्या मालकाची."

"आधीचा मालक कोण?"

"माझे वडील. त्यांना विचारा. दश्त-अफरूझच्या कब्रस्तानात असतात."

माणूस गेला. ओस्तांनी तासाभरात दुकान बंद केलं आणि तीन वळणं जास्त घेऊन घरी पोचले. पेटी पाहिली. दोरा जागेवर होता. पण तो पांढरा होता.

ओस्तांनी कुलूप काढलं आणि वही उघडली. जुन्या शिक्क्याशेजारी, पहिल्या फेरीच्या जागी, एक ताजा, गोल, सुरेख शिक्का होता.

घरात खबऱ्या शिरला होता! दोन मिनिटं त्यांनी बायकोवर संशय घेतला, मग मेव्हण्यावर, मग वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर. मग डोळ्याला भिंग लावलं आणि शिक्क्याच्या कडा पाहिल्या. प्रत्येक अक्षराच्या शेवटी कोरायचं पातं किंचित डावीकडे वळवल्याची खूण होती. असं पातं अख्ख्या काशानात दोघंच वळवतात. एक ते स्वतः. दुसरीला त्यांनीच बारा वर्षांची असल्यापासून शिकवलं होतं, कुलपं उघडण्यासकट.

"राझिये!"

ती आली, वही पाहिली आणि खाली बसली.

"आधी फोन तांदळात ठेव," ओस्ता म्हणाले.

"ठेवलाय, बाबा. तुमच्या हाकेवरूनच कळलं."

"हे काय करून ठेवलंस?"

"तुम्ही पंचवीस वर्षं गेला नाहीत. माझ्यासाठी जावं लागलं असतं, आणि मग जन्मभर स्वतःवर चिडला असता. शेजारच्या खालाजानची वही नमुन्याला घेतली."

ओस्तांनी बराच वेळ भिंग खाली ठेवलं नाही. डोळ्यांत पाणी आलेलं भिंगातून दिसत नाही अशी त्यांची समजूत होती.

"काम फार चांगलं झालंय," शेवटी ते म्हणाले, "आणि तिथेच आपण मेलो. अगं, सरकारी शिक्का असा असतो का? तो तिरका असतो, अर्धा उमटतो, शाई पसरते. मारणारा दिवसभर बसून कंटाळलेला असतो. हा बघ, लग्नपत्रिकेवर मारल्यासारखा! समितीतला आंधळासुद्धा बोटाने चाचपून सांगेल की खोटा आहे."

राझियेचा चेहरा उतरला. "मग रविवारी वही नाहीच नेली तर?"

"नसलेली वही तर आधी मागतात. आता मलाच जावं लागणार. खऱ्या शिक्क्याखाली हा झाकला तर झाकला."

शुक्रवारी ओस्ता शाळेतल्या मतदान केंद्रावर गेले. स्वतःचं पेन घेऊन गेले, कारण तिथल्या पेनची शाई चिठ्ठी पेटीत पडल्यावर उडून जाते अशी त्यांची खात्री होती. स्वतःचं पेनही तळहातावर घासून पाहिलं. रांग सरकली आणि ते टेबलापुढे आले. टेबलामागे इस्त्रीचा शर्ट बसला होता.

ओस्तांनी वही पुढे केली. त्याने वही उघडली, पानं उलटली, आणि त्या सुरेख शिक्क्यावर त्याचं बोट थांबलं. ओस्तांना वाटलं, दारापर्यंत किती पावलं आहेत ते आधीच मोजायला हवं होतं.

"किल्ल्याच करता ना तुम्ही?" तो अगदी हळू म्हणाला.

"हो, फक्त किल्ल्या."

"पहिल्या फेरीत माझ्या शिक्क्याचं रबर फाटलं. वर कळवलं तर मलाच चार प्रश्न विचारतील, म्हणून तुमच्याकडे आलो होतो. सकाळपासून अर्धा चंद्र उमटवतोय. लोक भांडतायत." त्याने पुन्हा पानाकडे पाहिलं. "हा कुणी केला?"

ओस्तांच्या मनात दहा उत्तरं आली, सगळी सुरक्षित. तोंडातून अकरावंच निघालं.

"लेकीने. शिक्षिका होणार आहे. रविवारी समिती आहे."

त्या माणसाने शिक्का शाईत नको तितका बुडवला आणि वहीवर मारला. आणि मारता मारता त्याचा हात घसरला. फाटकं रबर शेजारच्या सुरेख शिक्क्यावरून फरफटत गेलं. आता दोन्ही तितकेच तिरके, अर्धवट आणि डागाळलेले दिसत होते.

"माफ करा, आगा," तो मोठ्याने म्हणाला. "दिवसभर बसून हात दुखतो."

ओस्तांनी कोपऱ्यात जाऊन चिठ्ठीवर नाव लिहिलं. कुणाचं, ते तूबाखानमलाही अजून माहीत नाही; तिने आग्रह केला तेव्हा फोन तांदळात असूनही त्यांनी फक्त मान हलवली. पण घरी येताना त्यांनी गुलाबपाण्याची मिठाई आणली होती. थोडीशीच.

"त्याने असं का केलं असेल?" त्या दिवसापासून ते दर जेवणाला विचारत.

"चांगला माणूस असेल, बाबा."

"ते तर आहेच. पण का?"

रविवारी राझिये दुपारी घरी आली, हातात नेमणुकीचा कागद. कमसरजवळच्या खेड्यातली शाळा, तिसरीचा वर्ग. तूबाखानमने तिला मिठी मारली. ओस्तांनी आधी कागदावरचा शिक्का उजेडात धरून पाहिला. तिरका होता, शाई पसरलेली. खरा होता.

"आणि वही?" त्यांनी विचारलं.

"उघडलीच नाही, बाबा. पिशवीतून काढली तर म्हणाले, राहू दे. मुलं दंगा करतात तेव्हा काय करशील, एवढंच विचारलं."

ओस्तांनी हळूच जाऊन दरवाजा लावला, फोन तांदळात पुरला आणि बायकोला जवळ बोलावलं.

"उघडली नाही," ते कुजबुजले. "म्हणजे आधीच पाहून ठेवलीय."