हद्दीबाहेरची पोरं

मंदा गेली तेव्हा मी जतजवळच्या एका गोठ्यात, अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस, लोक डॉक्टर म्हणतात. फोन वाजला तो गोठ्याच्या मालकानं माझ्या कानाला धरला. शेजारच्या काकू रडत होत्या. “आवं, मंदाताई उठंनात…” दुपारी जरा आडवी होते म्हणाली होती बायको माझी. ती उठलीच नाही. म्हशीचं पुढं काय झालं, मी घरी कसा पोचलो, मला आजही सांगता येणार नाही. दीड महिना होऊन गेला. मुलगा म्हणतो, बाबा, पुण्याला या. काय करू पुण्याला जाऊन?

मंदा आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, आणि तिच्या डोक्यात कायम एकच विषय, जंत! मी जेवायला बसलो, घास तोंडात गेला, की हिचं सुरू. आज अमक्या पोरीचं पोट कसं टम्म फुगलं होतं, डोळ्यांखाली कसा पांढरेपणा होता, माती कशी खाते. “अगं बाई, निदान जेवू तरी दे!” मी वैतागायचो. ती म्हणायची, “तुम्ही दिवसभर शेणात हात घालता, तुम्हाला कसली आलीय किळस?” मग दोघंही हसायचो. तिचा खरा जीव अडकला होता तो मेंढपाळ धनगरांच्या पोरांत. शाळेत, अंगणवाडीत जंताच्या गोळ्या वाटतात त्या दिवसांत ही पोरं मेंढरांमागं कराड-पाटणकडं गेलेली असायची, कुणाच्या तरी मोकळ्या रानात मुक्काम टाकून. इकडं विचारावं तर ती इथं नसतात, आणि तिकडं विचारावं तर म्हणायचे, ती आमच्या हद्दीतली नाहीत. मंदाचा असा संताप व्हायचा! “जंतांना कळते का हो हद्द? ते बरे कुठंही पोचतात!”

त्यात एकदा नको ते झालं. म्हाळू नावाचा आमच्या ओळखीचा मेंढपाळ. मंदानं त्याला बजावून सांगितलं होतं, पोरीच्या पोटात जंत आहेत, औषध दे. त्या गड्यानं मी मेंढरांसाठी दिलेली बाटली काढली आणि पोरीला पाजली! पोरगी ओकून ओकून निपचित पडली. “जंतच हायती न्हवं? मेंढराला लागू पडतंय, मग पोरीला का न्हाई पडायचं?” तो रडत विचारत होता. मंदा दिवसभर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, थेंब थेंब साखरमिठाचं पाणी पाजत राहिली. पोरगी वाचली. पण वरून मंदालाच बोल लागला, की अडाणी लोकांना अर्धवट सांगून ठेवता. मला वाटलं, आता ही नाद सोडेल. घरी येऊन ती आधी पोटभर रडली आणि मग म्हणाली, “अहो, लेकराला औषध पाजायला पाहिजे एवढं त्याला पटलं की नाही? तुम्ही मेंढरांना पाजायला जाल, तेव्हा मी येणार. मेंढराला मेंढराचं, पोराला पोराचं.”

तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघं मोटारसायकलवर पाटणच्या बाजूला जायचो. पेट्रोल आमचं, रजा आमची. मी वाघरीपाशी, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, उभा राहून मेंढरांना पाजायचो, ती पलीकडं पोरांना गोळ्या द्यायची. “गिळायची न्हाई रं, चावायची!” हा तिचा आवाज मेंढरांच्या गलक्यातही ऐकू यायचा. परतताना कंबर धरून बसायची आणि म्हणायची, “आपण नसलो की कोण येणार हो हिकडं?” मी म्हणायचो, गप गं, खड्डे आहेत, नीट धर.

गेल्या आठवड्यात पाटणकडच्या मुक्कामावरून म्हाळूचा फोन आला. “डॉक्टर, मेंढरं हगवणीला लागली, या की.” मंदाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. फोनवर सांगायला माझी जीभ रेटेना. गेलो. गाडी थांबताच पोरं धावत आली आणि माझ्यामागं बघू लागली. “बाई कुटं हाय?” सांगावंच लागलं. म्हाळूची म्हातारी आई भुईवर बसकण मारून रडली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आता आमच्या लेकरास्नी कोन बगनार, डॉक्टर?”

मेंढरांना पाजून झालं, पण पाय निघेना. शेवटी पोरांना घेऊन चालत जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. नर्स तरुण मुलगी होती. “कुठल्या गावची ही?” तिनं विचारलं. झालं, मला वाटलं, आता पुन्हा तेच. मी तोंड उघडायच्या आत म्हाळूची धाकटी म्हणाली, “आमी बाईंची.” “कुठल्या बाईंची?” त्या अनोळखी टेबलावर डोकं टेकून मी ढसाढसा रडलो, या वयात. त्या मुलीनं उठून कपाट उघडलं.

पोरांनी गोळ्या चावल्या. आणि मग कुणी काही न सांगता, एकेक पोर माझ्यासमोर येऊन आ करून उभं राहिलं, जीभ वर उचलून, गोळी खरंच संपली हे दाखवायला… मंदानं लावलेली सवय. मी खाली वाकलो आणि एकेकाच्या तोंडात बघत राहिलो. डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसत नव्हतं, तरी प्रत्येकाला म्हणालो, “शाब्बास, जा आता.”