साक्सायवामानच्या भिंतीला हात

कुस्कोच्या हॉटेलात दुपारचे तीन वाजलेत. भागीरथी पलंगावर आडवी पडली आहे. डोळे मिटावेत तर कपाळात घण बसतात, उघडावेत तर छत खाली उतरून येतं. अकरा हजार फुटांवरची हवा विरळ असते, असं सांगून गाईडनं तिला कोकाच्या पानांचा चहा पाजलाय आणि खोलीवर सोडलंय. बाकीची मंडळी बाजारात लोकरीच्या शाली बघायला गेली आहेत. दोष हवेचा आहे हे तिला काही पटलेलं नाही.

सकाळी सगळे साक्सायवामानला गेले होते. शहराच्या डोक्यावर ती इथल्या जुन्या इंका राजांची तटबंदी, हत्तीएवढाले दगड, आणि सांध्यात चुना नाही की माती नाही. सुरीचं पातं घालायचं म्हटलं तर जात नाही. तिच्या खोलीतल्या जोडीदारीण हेमलता गुप्ते म्हणाल्या, हे माणसाचं काम नव्हेच, आकाशातून कुणीतरी येऊन करून गेलं असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. भागीरथी गप्प राहिली. मग पायऱ्या उतरताना हेमलताबाईंनी सहज विचारलं, तुमचे वडील काय करायचे हो? आणि बावीस वर्षं मुख्याध्यापिका राहिलेली, भल्याभल्यांना गप्प बसवलेली ही बाई म्हणाली, बांधकामात होते.

तेव्हापासून डोकं ठणकतंय.

पडदा हलतो. उन्हाची तिरीप चादरीवरून सरकत तिच्या पायांपर्यंत येते. आणि बाहेरून कुठूनसा आवाज येतो. ठिण्. ठिण्. मग थोडं थांबून, ठिण्. हॉटेलात काहीतरी दुरुस्ती चालली असेल, असं तिच्या मनात येतं, पण ते मधलं थांबणं तिच्या ओळखीचं आहे. तेवढ्या वेळात माणूस दगडावरची धूळ फुंकतो.

ती अनवाणीच दार उघडते. बाहेरच्या गालिच्यावर पाय टाकते तर तळव्याला खडी टोचते. चार पावलांवर छत संपतं, आणि ती हॉटेलच्या बोळात नाही, कुस्कोच्या त्या अरुंद गल्लीत आहे जिथे बारा कोनांचा दगड बघायला प्रवासी गर्दी करतात. आता तिथे गर्दी नाही. दगडापुढे उकिडवा बसून एक माणूस बोटानं कोन मोजतो आहे. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला मळकं मुंडासं, पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ.

यल्लाप्पा वडार. तिचे अप्पा. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. छातीत दगडाची धूळ बसून गेले. शेवटचे दोन महिने श्वास घेताना त्यांचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू जायचा. इथे, जिथे तिला धाप लागते, ते सावकाश, पोटभर श्वास घेताहेत.

"अप्पा," ती म्हणते, "तुम्ही इथं कसे?"

"तू आलीस म्हनून," ते मागे न बघता म्हणतात. "बारा हायेत. बाराच्या बारा कोन बसवल्यात भाद्दरानं. हिकडं ये, भागू. ह्यो बघ."

ती वाकते. ते दाखवतात: दगडाच्या पोटावर ठोक्यांच्या खुणा मोठ्या आहेत, जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या. कडेकडे येताना बारीक होत जातात, खसखशीसारख्या. मधे मोठ्या धोंड्यानं ठोकलंय, कडेला लहान धोंडा घेतलाय. कड तुटू नये म्हणून.

ती सांगते, यांच्याकडे लोखंड नव्हतं. अप्पा मान हलवतात. ते त्यांना दिसलंच आहे. हातात छिन्नी-टाकी नसली म्हणजे माणूस काय रडत बसेल का, दगडानं दगड झिजवायचा, त्याला वेळ लागतो इतकंच, असं ते म्हणतात.

गल्ली वळते. वळणापलीकडे अकलूजच्या रस्त्याकडेची त्यांची खाण आहे, कडेला बाभूळ आहे, खाली अप्पांचं गाढव उभं आहे आणि त्याच्या शेजारी लांब मानेचा, केसाळ लामा निवांत गवत खातो आहे. खाणीच्या मागच्या बाजूला साक्सायवामानची तटबंदी उभी आहे, एकावर एक तीन टप्प्यांची. अप्पा सरळ तटबंदीकडे चालत जातात आणि सगळ्यात मोठ्या दगडावर उजवा पंजा टेकवतात.

शिट्टी वाजते. निळ्या गणवेशातला पहारेकरी दोरीपलीकडून धावत येतो. हात लावायला मनाई आहे, असं तो म्हणतो. कुठल्या भाषेत म्हणतो ते कळत नाही, पण सगळ्यांना समजतं. गावाकडच्या धरणाच्या उद्घाटनाला अशीच दोरी बांधली होती. अप्पांनी चार वर्षं त्या भिंतीचे दगड घडवले, आणि त्या दिवशी त्यांना दोरीबाहेर उभं केलं होतं. ते मुकाट उभे राहिले होते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

आज अप्पा हात काढत नाहीत.

"हात लावल्याबिगर झाला का ह्यो?" ते विचारतात.

पहारेकरी त्यांच्या पंजाकडे बघतो. बराच वेळ बघतो. त्याचे स्वतःचे हात रुंद आहेत, सांधे सुजलेले. तो शिट्टी खिशात टाकतो, टोपी काढतो आणि दोरी उचलून धरतो, जशी घरातल्या थोरल्या माणसासाठी दाराची कडी काढावी तशी.

भागीरथी दोरीखालून जाते आणि तिला रडू फुटतं. ती सांगून टाकते. सकाळी काय विचारलं गेलं, आपण काय बोललो. "आकाशातून आले म्हणाले सगळे. आणि मी ऐकून घेतलं, अप्पा."

ते रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आभाळातनं यायला काय झालंय," ते म्हणतात. "गरिबानं केलेलं खरं वाटत न्हाय लोकान्ला, म्हनून आभाळ लागतंय. पर तुला तर ठाव हुतं की गं."

आता पायाखाली ढग आहेत. माचू पिचूच्या उतारावर, जिथे इंकांनी दगड काढता काढता मधेच सोडून दिले, तिथे दोघं बसली आहेत. समोर एक दगड अर्धा घडलेला. उरुबाम्बा नदी फार खाली, पांढऱ्या दोऱ्यासारखी. गाईडनं सांगितलं होतं की वाटेत पडून राहिलेल्या अशा दगडांना इथले लोक थकलेले दगड म्हणतात. ती ते अप्पांना सांगते.

"दगूड थकत न्हाय," ते म्हणतात आणि टाकी-हातोडा उचलतात.

"द्या इकडे."

"तुला कशाला? तुज्या हातात पाटी-पेन्सिल दिली, ती ह्येला हात लागू नये म्हनूनच की."

"माहीत आहे. म्हणूनच लपवायला शिकले मी. द्या."

ते टाकी-हातोडा छातीशी धरतात. ती ओढून घेते. आयुष्यात पहिल्यांदा ती बापाच्या हातून काही हिसकावते, आणि त्यांच्या धुळीनं माखलेल्या पापण्या हसतात. हातोडा तिला वाटला त्याहून जड आहे. डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडा. ती दम खाते. पहिला घाव ठिण् वाजतो आणि दगडाचा कपचा उडतो. दुसरा वाजतो. तिसरा चुकतो, अंगठ्यावर.

"बसला का?" अप्पा तिचा हात ओढून घेतात आणि फुंकर घालतात. "पैल्या दिवशी समद्यांचा तिथंच बसतोय."

दारावर थाप पडते. ती डोळे उघडते. ऊन भिंतीवर चढलंय. हेमलता गुप्ते हातात पिशव्या घेऊन आत येतात, लाल-पिवळ्या शाली पलंगावर टाकतात आणि मधेच थांबतात.

"अहो, अंगठ्याला काय झालं तुमच्या?"

भागीरथी हात वर धरते. डावा अंगठा सुजून टम्म झालाय. नखाखाली रक्त साकळून काळंनिळं पडलंय आणि ठणका थेट कोपरापर्यंत जातो आहे. डोकं मात्र एकदम मोकळं आहे.

दारात सापडला का, कुठे आपटलात का, हेमलताबाई विचारत राहतात. त्या मलमाची नळी शोधायला लागतात. भागीरथी उठून बसते.

"राहू द्या मलम," ती म्हणते. "हातोडा चुकला. माझे वडील दगड घडवायचे, हेमलताताई. आम्ही वडार. सकाळची ती भिंत माणसांनीच बांधलीय. उद्या चला माझ्याबरोबर, कशी बांधली ते दाखवते."