तडकलेले टोमॅटो

आज कुंडीतल्या टोमॅटोची पानं खुडली, बोटांना तो उग्र हिरवा वास लागला आणि हर्सूलच्या घराची गच्ची आठवली.

लग्नानंतर पहिल्यांदाच काकूची आई तिला भेटायला येणार होती. तिच्यासाठी काकूने झाडावरचे टोमॅटो राखून ठेवले होते. आमच्याकडे नळाला आठवड्याने पाणी यायचं, तोवर झाडांच्या वाट्याला तांब्याभरच. आदल्या संध्याकाळी नळ आला. नवं पाणी भरायचं म्हणून काकूने ड्रममधलं शिळं पाणी सगळं झाडांना ओतलं.

सकाळी मी आणि काकू गच्चीवर गेलो. एकूण एक टोमॅटो उभा तडकला होता.

दुपारी तिची आई आली. गच्चीवर जाऊन फळं बघून हसली. "माझ्यासाठी चिरूनच ठिवलेस व्हय गं?" मग म्हणाली, "लई तहानलं व्हतं झाड. एकदम पाणी पाजलं की असंच व्हतं." बोलता बोलता तिनं काकूच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू बरी हायेस ना, बाई?"

आमच्या घरात कायम हसतमुख असणारी काकू हंबरडा फोडून रडली. मी जिन्यातून बघत राहिले.

कितीतरी वर्षं मला वाटत होतं, ती टोमॅटोंसाठी रडली.