वडनेरच्या लग्नातली कढी

आमच्या घराण्यात कुठलंही लग्न असो, पंगत बसली की वडनेरच्या कढीचोर महाराजांची गोष्ट निघते आणि सगळे हसतात. इतकी वर्षं मीही हसत आलो. आता खरं काय ते लिहितो.

सत्तरच्या दशकात वडनेरला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मी नुकताच बीएस्सी होऊन विज्ञानाचा मास्तर झालो होतो. "शिकेल माणूस आहे, मोजमाप त्याच्याकडेच," असं म्हणून काकांनी मला स्वयंपाकावर देखरेखीला बसवलं.

कढी फुटू नये म्हणून स्वयंपाकी महाराज कमरेएवढ्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, लाकडी चाटू गरगर फिरवत होते. मी कडेला काठी बुडवली. कढी थेट कड्यांपर्यंत!

"मास्तर, कढी अजून घुमून राह्यली. निजू द्या तिले, मंग मोजजा."

"महाराज, फिरवल्यानं कढी वाढते थोडीच!" असं सुनावून, कढी कमी पडली तर म्हणून त्यांनी राखून ठेवलेलं ताकाचं पिंप मी शेजारी परत पाठवलं.

ढवळलेला द्रव मध्ये खोलगट होतो आणि कडेला वर चढतो, हे मी आदल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात पेला ढवळून दाखवलं होतं. पोरांकडून दोनदा वदवून घेतलं होतं.

शेवटची पंगत नवरदेवाची. वाढप्यांनी गंज तिरका केला, मग जवळजवळ उलटाच केला. नवरदेवाचे मामा भातात खळगा करून वाट पाहत बसले होते.

"काऊन महाराज," ते गरजले, "आमची कढी घरी पाठवली का?"

मंडप हसला. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवरदेवाला लाडवाचा आग्रह करू लागलो.

महाराजांना आमच्याकडे पुन्हा कोणी बोलावलं नाही. दहाएक वर्षांनी ते गिरडला एका जेवणावळीत भेटले. मी चाचरत माफी मागितली.

"मले तं तवाच समजलं होतं," ते म्हणाले. "पण तुमची नवी नोकरी. मास्तरले मोजता येत नाई म्हटलं असतं, तं लोकायनं पोरं शाळेत धाडली असती का? आता येवढं करा, घरच्यायले सांगजा."

"सांगतो," म्हणालो. पुढच्याच लग्नात गोष्ट निघाली, आणि मी हसलो.

महाराज आता नाहीत. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे, गोष्ट निघेलच. तेव्हा हे पान मोठ्यानं वाचावं, मी पंगतीत बसलेला असताना. महाराजांनी कढी चोरली नव्हती. गंजाच्या मध्यभागी जी नव्हतीच, ती मी मोजली होती.