हे उतरणार

पिंपळगाव रेणुकाईत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मच्छिंद्रला मोटारसायकलवर मागे बसवायचं, मगच बाजाराची वाट धरायची. शिंगं, खूर, वशिंड, चाल, सगळं हा गडी नुसत्या नजरेनं ताडायचा आणि वर मालकालाच त्याच्या बैलाच्या खोडी ऐकवायचा. नेमकी त्याच्याच गोठ्यात खोट निघावी, याला काय म्हणावं!

गोऱ्हा जवान, देखणा. रेणुकाईच्या नावानं गावच्या गाईंसाठी वळू म्हणून सोडीन, असं मच्छिंद्रनं चारचौघांत कबूल केलेलं. आणि एक दिवस धुताना हाताला लागलं ते एकच अंड. दुसरं पोटातच अडकलेलं. घाबरून त्यानं जनावरांच्या डॉक्टर वंदना मॅडमना फोन लावला. आवाज तुटत होता. एकच वाक्य धड ऐकू आलं, "हे उतरणार, काका." मग फोन कटला. पुन्हा लावायची त्याची छाती झाली नाही. चांगलं ऐकलंय तेवढं पुरे, असं त्यानं ठरवलं.

रोज सकाळी तो गोऱ्ह्याला चाचपायचा आणि तोंड पाडून चहाला बसायचा.

"रोज उठून काय चाचपून राह्यले?" बायको साळूबाई हसायची. "कोंबडीचं हाय का ते, सापडायला?"

त्याला हसू येत नव्हतं. घास घशाखाली उतरत नव्हता. त्यातच शेजारचा पुंजाराम गाय फळवायला घेऊन आला. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आज ना उद्या उतरणारच आहे, असं मनाला बजावत मच्छिंद्रनं गोऱ्हा सोडला. गाय गाभण राहिली.

पुढे लसीकरणाला मॅडम गावात आल्या आणि गोऱ्हा पाहून वैतागल्याच.

"काका, याला अजून खच्ची केलं नाही?"

"मॅडम, तुमीच म्हणल्या ना, उतरणार म्हणून?"

"अहो, पिढीत उतरणार म्हणाले होते मी! पोटातलं आता खाली येत नसतं. पण ही खोट याच्या वासरांत उतरू शकते. याचा वळू बिलकुल करू नका. ऑपरेशन करून दोन्ही काढावी लागतील."

मच्छिंद्रनं गोऱ्ह्याकडे पाहिलं. गाव हसेल, हसू दे. पण पुंजारामची गाय?

"सगळ्याच वासरांत उतरतं का, मॅडम?"

"तसं सांगता येत नाही. उतरेल, नाहीतर नाही."

तो तसाच पुंजारामकडे गेला. पुंजाराम गाईची पाठ खाजवत होता.

"या काका, बसा! रेणुकाईला बोललो म्या, गोऱ्हाच होऊ दे. तुमच्या गोऱ्ह्यावानी, हुबेहूब!"

मच्छिंद्र बसला नाही. चहा घेऊन, गप्पा मारून परत फिरता आलं असतं.

"हुबेहूब नको मागू, बाबा," तो म्हणाला, आणि पुंजारामचा हात गाईच्या पाठीवरच थांबला.